पहिले तीन शब्द

“आता साऱ्या दुनियेले प्रॉम्प्टर पाह्यजे म्हंते, अन् आपण इथी केळं खात बसून राह्यलो!”

माझ्या खोलीचं दार बंद होतं, पंखा पाचवर होता, कानात हेडफोन होते आणि बाहेर पेपर मिलचा भोंगा वाजत होता. तरी ओसरीवरचं हे वाक्य शब्दन्‌शब्द माझ्यापर्यंत पोचलं, आणि तेही कुजबुजत. एवढी दणदणीत कुजबूज बल्लारपुरात एकाच माणसाची आहे. ते आईचे धाकटे मामा. आई त्यांना मामाजी म्हणते, म्हणून आम्हीही मामाजीच म्हणतो. दूधवाला म्हणतो, पोस्टमनही म्हणतो. आणि माझं ठाम मत आहे की या पृथ्वीवर आजवर जे जे वाक्य बोललं गेलं, त्याचा पुढचा शब्द मामाजींना बोलणाऱ्याच्या आधी ठाऊक होता.

याला कारण त्यांचा धंदा. मामाजी झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे प्रॉम्प्टर. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकी माहेरी येतात, घरात पाहुणे मावत नाहीत, आणि मंडईच्या गावाला नाटक हे हवंच. वडसा हे या नाटकांचं मुख्य गाव; तिथल्या मंडळ्या आज या गावी तर उद्या त्या गावी. नटाला आज राजा व्हायचं असतं, उद्या डाकू, परवा मुलाला फाशी देणारा जज्ज. पाठ करायला वेळ कुणाला? म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात एक खड्डा असतो, खड्ड्यात प्रॉम्प्टर असतो आणि त्याच्या मांडीवर वही असते. राजा जी डरकाळी फोडतो ती आधी खड्ड्यातून कुजबुजत आलेली असते. मामाजींनी असे चाळीस हंगाम काढले. त्यांचा एकच नियम: “नटाले पुरं वाक्य नाई देवाचं. पहिले तीन शब्द देवाचे. बाकीचं त्याचं त्यानं. पुरं देलं का नट आळशी होते, अन् कमी देलं का मनचंच बोलते.”

हा नियम त्यांनी खड्ड्यापुरता ठेवला असता तर आमचं आयुष्य जरा सोपं झालं असतं. पण मामाजी बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाला तीन शब्द देतात. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप उचलला की “लांब श्वास घ्या” हे मामाजीच पेशंटला आधी सांगतात, आणि डॉक्टर चमकून वहीत काहीतरी लिहितात. एसटीच्या कंडक्टरला “पुढे सरका” म्हणायची वेळच येत नाही. आमच्याकडच्या लग्नात भन्तेजींचं “बुद्धं सरणं” संपतं न संपतं तोच पहिल्या रांगेतून “गच्छामि” पोचलेलं असतं, आणि भन्तेजी, जे स्वभावाने फार शांत आहेत, एकदा डोळे न उघडता म्हणाले होते, “मामाजी, हे मला पाठ आहे.” त्यावर मामाजी आईच्या कानात, म्हणजे सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “सगळेच म्हंतेत पाठ आहे म्हणून.”

दुसरी सवय खाली बसण्याची. घरात चार खुर्च्या रिकाम्या असल्या तरी मामाजी जमिनीवर, भिंतीला टेकून, वही मांडीवर घेऊन. खड्ड्यातून त्यांना नटांचे चेहरे फारसे दिसलेच नाहीत; चाळीस हंगाम त्यांनी माणसं पाहिली ती पायांकडून. त्यामुळे ते ओळखतातही पायांवरूनच. कुणी ओसरीवर आलं की मान वर न करता “या भाऊजी, टाच दुखून राह्यली वाट्टे” असं स्वागत होतं. त्यांच्या मते माणूस तोंडाने खोटं बोलू शकतो, हातानेही बोलू शकतो, पण पाय त्याला साथ देत नाहीत. “घाबरेपणा आंगठ्यात असते,” ते म्हणतात. “हिरो वरून छाती ठोकून राह्यला, अन् खाली आंगठे आत वळलेले. मले खड्ड्यातून सगळं दिसे.”

माझे अंगठे जन्मापासून आत वळलेले आहेत. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि फारसं बोलले नाही. याचा थोडा दोष मामाजींकडे जातो, आणि तो त्यांनी कधी नाकारला नाही. पाचवीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला देशावर इंग्रजी भाषण होतं. मामाजींना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रॉम्प्टरला भाषा यावी लागते असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांनी सगळं भाषण माझ्याकडून वदवून देवनागरीत उतरवलं, थांबायच्या जागी लाल पेन्सिलीने ‘पॉज’ लिहिलं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजपुढे उकिडवे बसले. मी दुसऱ्याच वाक्याला अडले. खालून “अवर माउंटन्स आर” आलं, मी म्हटलं. “अवर रिव्हर्स आर” आलं, मी म्हटलं. मग खालून “पॉज” आलं, आणि मी मान वर करून, स्पष्ट आवाजात, सगळ्या पालकांसमोर म्हटलं, “पॉज.” पुढची दोन वर्षं माझं शाळेतलं नाव पॉज होतं. त्यानंतर मी स्टेजवर गेले नाही. मामाजीही त्या दिवसापासून मला कधी शब्द देत नाहीत. साऱ्या गावाला देतात, मला नाही. मी बोलायला तोंड उघडलं की ते वही मिटतात आणि वाट पाहतात, आणि ती वाट पाहणं मला जास्त अवघड जातं.

आता त्या केळ्यांकडे येते. मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर लिहिते. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद, माईक बंद. कुणी कुठली विचारलं तर “नागपूर साइड”. मंडई, भातलावणीचा रोवणा, झाडीपट्टी हे शब्द मी दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवलेले. असं सगळं नीट चाललं असताना त्या नव्या प्लॅटफॉर्मची घोषणा झाली. नाव काय होतं ते आमच्या गावात कुणी लक्षात ठेवलं नाही; ‘ते बोलाचं मशीन’ एवढंच. टीव्हीवर एक माणूस काळा टी-शर्ट घालून फेऱ्या मारत सांगत होता की यापुढे कुणालाच कोड लिहावं लागणार नाही, मनात आहे ते बोला आणि ॲप तयार. खाली पट्टी सरकत होती: फक्त प्रॉम्प्ट द्या!

दोन दिवसांत गावात दोन पक्ष पडले. कटिंगच्या दुकानवाल्या भाऊंनी फोनला सांगून स्वतःचं ॲप बनवून घेतलं, त्यात गिऱ्हाईकाला नंबर लावता येत असे. पण गिऱ्हाईकं आधीसारखीच बाकावर बसून राहत आणि नंबर लागला का हे ॲपमध्ये न पाहता भाऊंनाच विचारत. चौकातल्या चहाच्या टपरीवर मात्र सूर दुःखाचा होता.

“आता हे इंजिनियर पोट्टे का करतीन गा?”

“करतीन का? रोवण्याले मानसं भेटत नाई. चिखलात उतरतीन.”

“उतरतीन, पण ते लॅपटॉप घेऊन उतरतीन.”

आणि आमच्या घरी लोक भेटायला येऊ लागले. घरात मोठं आजारपण असावं तसे. राजुऱ्याची मावशी डझनभर केळी घेऊन आली, चप्पल काढताकाढताच आवाज खाली आणून आईला विचारती झाली, “कशी आहे वो आता नोकरी? बोलते-चालते ना?” आई म्हणाली, आहे अजून. मावशीने खोलीच्या दाराकडे पाहिलं, उसासा टाकला आणि म्हणाली, “मनाले लावून घेऊ नोको म्हणा पोट्टीले. आमच्या शेजारचा तर बँकेत होता.” त्याचं काय झालं हे तिने सांगितलं नाही, त्यामुळे ते फारच वाईट असणार असं सगळ्यांना वाटलं. माझी टीम खरोखर कमी होणार होती, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आठ जण होतो. तिघं राहणार होते.

या सगळ्या सुतकात एकटे मामाजी आनंदात होते. त्यांनी टीव्हीवरची पट्टी वाचली होती. त्यांच्या समजुतीत साऱ्या जगाला चाळीस वर्षांनी एकदाची अक्कल आली होती. “पाह्य बाई,” ते मला म्हणाले, “हे मशीन कोण आहे? नट आहे. आवाज मोठा, कपडे चकचकीत, पाठांतर शून्य. त्याले खालून सांगणारा पाह्यजे. हा आमचाच धंदा आहे, त्यायले आत्ता समजला.” मी समजावलं की हा प्रॉम्प्ट वेगळा, तो प्रॉम्प्ट वेगळा. “काऊन वेगळा? स्पेलिंग वेगळी आहे का?” मी म्हटलं, स्पेलिंग एकच. “मंग?”

चंद्रपूरला एका कॉम्प्युटर क्लासवाल्याने आठवड्यातच फलक लावला होता: प्रॉम्प्ट शिका, तज्ज्ञ शिक्षक नेमणे आहे. मामाजींनी पांढरा शर्ट इस्त्री केला, बॅगेत तीन नाटकांच्या वह्या घेतल्या आणि निघाले. एकटे जातील आणि काहीतरी होईल म्हणून आईने मला सोबत धाडलं. संचालक माझ्याच वयाचा, गळ्यात टाय, टेबलावर काच. मामाजी सवयीने जमिनीवर बसू लागले, मी कोपर धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

“अनुभव?” संचालकाने विचारलं.

“चाळीस हंगाम.”

“प्रॉम्प्टचा?”

“मंग का तबल्याचा?”

संचालक जरा सरळ बसला. “कोणकोणत्या मॉडेलवर काम केलंय आपण?”

“लय मॉडेल पाह्यले,” मामाजी म्हणाले. “राजे पाह्यले, डाकू पाह्यले, सावत्र माया पाह्यल्या. सगळ्यायले मीच बोलतं केलं. एक हिरो तर असा होता का त्याले ‘आई’ म्हणाचं असलं तरी पह्यले माह्याकडे पाह्ये.”

संचालक हसला नाही. त्याने माझ्याकडे वळून, इंग्रजीत, हळूच विचारलं की हे कोण, नेमके कोणत्या क्षेत्रात होते. उत्तर सोपं होतं. पण काचेच्या टेबलापलीकडे टाय होता, आणि माझ्या तोंडून आलं, “मीडिया. ही वॉज इन मीडिया.” तो “ओके, ओके” म्हणाला, कळवतो म्हणाला, आणि आम्ही बाहेर पडलो. जिन्यात मामाजी म्हणाले, “‘कळवतो’ म्हंजे पडदा.”

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. कंडक्टर “पुढे सरका” म्हणाला तेव्हाही गप्पच. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, “मीडिया. चांगला शब्द आहे. लहान आहे.” मग त्यांनी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं की दोन हंगाम झाले, वडशाहून बोलावणं आलं नाही. आम्हाला वाटत होतं की वयामुळे त्यांनीच बंद केलं. “नट आता कानात मशीन घालते बाई. खड्डाच नाई खोदत काही गावाइत. अन् मले बी त्या उजेडात अक्षर नाई दिसत पह्यल्यासारखं. म्हणून म्हटलं, हे नवीन निंगालं आहे तर पाहून घेऊ.” एवढं बोलून त्यांनी बॅगेतली एक वही काढली आणि बल्लारपूर येईपर्यंत तिची मागची कोरी पानं चाळत राहिले.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि ते मशीन त्यांच्यासमोर उघडलं. ही माझी माफी होती, पण मी ती तशी बोलले नाही. मामाजींनी मशीनला नियमाप्रमाणे तीनच शब्द दिले, “राजा दरबारात येतो,” आणि हात बांधून बसले. मशीनने क्षणभर विचार केला आणि ‘राजा दरबार’ नावाच्या हॉटेलचं टेबल राखून ठेवायचं ॲप बनवून दिलं, थाळीच्या फोटोसकट. मला वाटलं हिरमुसतील. ते मांडीवर थाप मारून हसले. “नटच आहे! अडला, पण थांबला नाई. मनचंच बोलला, अन् कसा? छाती ठोकून! अशाले स्टेजवर एकटं सोडाचं नाई बाई. पब्लिकले वाट्टे बरोबरच बोलून राह्यला.”

आणि मग आमच्या कंपनीची ती मीटिंग आली. आमच्याकडे एका सांस्कृतिक संस्थेचं काम होतं: विदर्भातल्या गावोगावच्या मंडया, त्यांच्या तारखा आणि तिथल्या नाटकांची तिकिटं, सगळं एका ॲपमध्ये. आमच्या लीड सरांनी ते सगळं नव्या मशीनकडून बनवून घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी संस्थेला दाखवायचं होतं, आणि त्याआधी आम्हा बाकीच्या सात जणांसमोर तालीम होती. तालमीनंतर प्रत्येकाने सांगायचं होतं की मशीनच्या वर मी काय देऊ शकतो. त्यावरून तिघं ठरणार. त्या दिवशी सकाळी मी आईला हे सांगितलं. आईने मामाजींना सांगितलं. दुपारी दोनला मामाजी वही आणि लाल पेन्सिल घेऊन माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, येऊन बसले. इतक्या वर्षांचा नेम मोडून माझ्यासाठी भाषणही लिहून आणलं होतं. ते “रसिक मायबापहो” असं सुरू होत होतं.

“मामाजी, हे नको.”

“नोको तर नोको. मी फक्त बसतो.”

लीड सरांनी स्क्रीन दाखवली. हिरवागार रंग, वर सुंदर अक्षरांत ‘मंडई’, आणि खाली टोमॅटो. त्याखाली वांगी, भेंडी, कोथिंबिरीची जुडी. ‘तुमच्या जवळची मंडई निवडा. घाऊक की किरकोळ?’ नाटकांचं मशीन विसरलं नव्हतं. दोन किलो टोमॅटोवर नाटकाच्या एका तिकिटात सवलत होती. “बघा, भाजी आणि संस्कृती एकत्र!” सर म्हणाले. पुण्यातली सहा माणसं खूष झाली. एकीने विचारलं की भाजी घरपोच देता येईल का. एक जण म्हणाला, फळं पण घ्या.

मी पडद्याकडे पाहत होते. त्या सात जणांपैकी कुणीही चूक करत नव्हतं. त्यांच्या गावात मंडई म्हणजे भाजीच. आणि आमच्या गावातली मंडई त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, कारण आमच्या गावातली जी एक मुलगी तिथे होती ती नागपूर साइडची होती. मला माहीत होतं की मी गप्प बसले तर उद्या संस्थेसमोर टोमॅटो येणार, आणि आज माझं नाव तिघांत येणार नाही. बोलायचं तर दारातल्या चपला घरात आणाव्या लागणार होत्या. माझे अंगठे आत वळले ते मला जाणवलं. खाली मामाजींनाही दिसले असणार, कारण त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने माझ्या उजव्या अंगठ्यावर हळूच टकटक केलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याकडून शब्द हवे होते. तीन पुरले असते. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी वही मिटली, ती मांडीवर ठेवली, आणि मुकाट वाट पाहू लागले. पॉज. या वेळी तो मी मोठ्याने म्हटला नाही.

माईक चालू केला.

“सर,” मी म्हणाले, “मंडई म्हंजे भाजीबाजार नाई.”

‘म्हंजे’ आणि ‘नाई’ दोन्ही तसेच गेले, धूळ न झटकता. “म्हणजे?” सरांनी विचारलं, आणि मग मला थांबताच आलं नाही. धान कापल्यापासून सुरुवात केली. लेकी कधी येतात, शेजारच्या दोन गावांची मंडई एकाच दिवशी का ठेवत नाहीत, तारीख कोण ठरवतं आणि ती कुठल्याही वेबसाइटवर का सापडणार नाही, गावाची मंडई आणि नाटक यांत आधी काय ठरतं. शेवटी म्हणाले की हे मशीन वाईट नाही सर, पण ते नट आहे. अडलं की थांबत नाही, मनचंच बोलतं, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर वाटतं. त्याच्या खाली गोष्ट माहीत असलेलं कुणीतरी बसलेलं लागतं.

“तुला हे सगळं कसं माहीत?”

“मी तिथलीच आहे. बल्लारपूरची.”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. तिघांत माझं नाव आलं. ॲपमधून टोमॅटो गेले. तारखांची यादी मामाजी तपासतात. चुकलेली तारीख दिसली की लाल पेन्सिलीने खूण करतात, आणि एकदा ती त्यांनी सरळ लॅपटॉपच्या पडद्यावरच केली, ती अजून थोडी दिसते. क्लासवाल्याने कळवलं नाही. वडशाहून या हंगामातही बोलावणं आलं नाही. ते प्रेक्षक म्हणून जातात, पहिल्या रांगेत जमिनीवर बसतात, आणि पडदा उघडला की त्यांचे ओठ हलू लागतात. आवाज मात्र काढत नाहीत. वरचा नट अडला तरी नाही. मी शेजारी असते, मला ते पाहवत नाही, म्हणून मी स्टेजकडे पाहते.

पण त्या दिवशी मीटिंगमध्ये, मी “बल्लारपूरची” म्हणाले त्याच क्षणी, मामाजींना राहवलं नाही. खालून ती सुप्रसिद्ध कुजबूज उठली, “व्वा! ही टाळीची जागा!” आणि थेट पुण्यात पोचली.

सर दचकले. “तिथे कोण आहे?”

क्लासवाल्यानेही हेच विचारलं होतं. तोच लहान, इस्त्री केलेला शब्द माझ्या जिभेवर तयार होता. कुणी नाही, टीव्ही चालू आहे, असंही म्हणता आलं असतं. मी कॅमेरा चालू केला, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून पडदा हळूहळू खाली झुकवला, आणि नाटकांच्या जाहिरातीत ज्यांचं नाव कधी छापलं नाही, ते पांढऱ्या शर्टातले मामाजी सात चौकोनांसमोर उजेडात आले. सगळे पाहत होते. मामाजी कॅमेऱ्याकडे पाहत होते. ज्यांनी राजांना आणि डाकूंना बोलतं केलं त्यांना एक अक्षर सुचेना. मी खाली पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायांकडे कधी पाहिलंच नव्हतं. अंगठे आत वळलेले होते.

मी त्यांना तीन शब्द दिले, नियमाप्रमाणे, कुजबुजत: “नमस्कार, माझं नाव.” त्यांनी ओठ हलवले, आवाज आला नाही. चाळीस हंगामांत असं झालं की खड्ड्यातल्या माणसाने काय करायचं, हे त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. मग मी माझ्या मनचंच बोलले, मोठ्याने, आमच्या घरच्या बोलीत:

“हे माहे मामाजी. झाडीपट्टीच्या नाटकाचे प्रॉम्प्टर आहेत. मले बोलाले यायनंच शिकवलं.”